इंद्रायणीकाठचे तेरा दिवस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ लोणावळ्यातली ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी कधी बसले नाही. पण त्यांचे विद्यार्थी आज समोर आहेत आणि त्यांच्याकडून मी गुरुजींची एक सवय ऐकली आहे. मुलानं उत्तर बरोबर दिलं तरी ते विचारायचे, "कशावरून?" मी जो विषय घेऊन आले आहे त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. माणूस देवाला म्हणतो, तू आहेस म्हणतात, माझं ऐकतोस म्हणतात, कशावरून? काहीतरी खूण दाखव.

आपल्याकडे खूण मागायच्या किती रीती आहेत! सोयरीक ठरवायची असते, जमीन विकायची असते, घरातल्या माणसाचं ऑपरेशन करावं की नाही ते ठरत नसतं. कुणी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकतं आणि लहान मुलाला एक उचलायला लावतं. कुणी डोळे मिटून पोथी उघडतं आणि बोट पडेल ती ओवी वाचतं. कुणी मूर्तीवरचं फूल कोणत्या बाजूनं पडतं ते पाहत तासभर हात जोडून उभं राहतं. इथून जवळ, वेहेरगावच्या डोंगरावर, कार्ल्याच्या लेण्यांच्या तोंडाशी एकवीरा आई बसली आहे. चैत्रात किनाऱ्यावरचे कोळी आणि आगरी तिच्या पायऱ्या चढतात. ज्याची होडी रात्रभर खोल पाण्यात असते, त्याच्या घरच्या बाईला जाऊन विचारा, बाई, खूण मागणं हा अडाणीपणा आहे का? ती हवामान खात्याचा इशाराही ऐकते आणि आईला नवसही बोलते. दोन्ही एकाच जिवासाठी.

म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, खूण मागणाऱ्याला हसायला मी इथं उभी नाही. मी आधी एका शब्दाबद्दल बोलेन, मग एका माणसाबद्दल, आणि वेळ उरला तर माझ्या आईबद्दल.

शब्द आहे कौल.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळांतून आजही कौल लावतात. देवाच्या पाषाणावर पाण्यानं भिजवलेल्या पाकळ्या, कळे किंवा तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. गोव्यात याला प्रसाद घेणं म्हणतात. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या ठरलेल्या तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन तारीख काढतात, आणि ती जाहीर झाली की मुंबईतले चाकरमानी रजेच्या आणि रेल्वेच्या तिकिटाच्या मागे लागतात. एवढी माणसं एका कौलावर हलतात.

पण हा शब्द देवळातून आलेला नाही. कौल मूळचा अरबी, अर्थ अगदी साधा: बोलणं, दिलेला शब्द. आपल्या जुन्या दफ्तरांत तो राज्यकारभाराचा शब्द म्हणून भेटतो. आणि त्याची एक गोष्ट आपल्या मावळातलीच आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा मुलूख उजाड झाला होता. १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ आणि त्याच्या मागेपुढे फौजांची धूळधाण. गावं ओस, शेतात रान, रानात लांडगे. दादोजी कोंडदेवांनी पुणे आणि मावळ पुन्हा वसवायला घेतलं तेव्हा रयतेला कौल दिले. परत या, पडीक जमीन नांगरा, पहिल्या वर्षी नावापुरता सारा द्या, पुढं दरसाल थोडा थोडा वाढवत नेऊ. याला इस्तावा म्हणत, आणि त्या लेखी शब्दाला कौल.

आता विचार करा, तो कौल हाती पडलेल्या कुणब्याला नेमकं काय मिळालं होतं? यंदा पाऊस पडेल की नाही हे त्यात लिहिलेलं नव्हतं. पीक हाताशी येईल याची हमी नव्हती. तू नांगर धर, तुला लुबाडणार नाही, एवढंच त्यात होतं. आणि तेवढ्यावर माणसांनी ओस गावं पुन्हा धरली.

हे मी एवढं लांबवून का सांगते? खूण मागणारा माणूस दोन अगदी वेगळ्या गोष्टी मागत असतो आणि बहुतेक वेळा ते त्याचं त्यालाही उमगत नाही. एक मागणं असं: पुढं काय होणार ते मला आज सांग. दुसरं असं: पुढं काही का होईना, तू माझ्याबरोबर आहेस का तेवढं कळव. पहिल्याला मी शकुन म्हणते. दुसऱ्याला कौल. पाकळी तीच, चिठ्ठी तीच, देऊळही तेच. मागणं मात्र निराळं.

आता माणसाबद्दल.

आपल्या या लोणावळ्याच्या पश्चिमेला, कुरवंड्याच्या बाजूला, इंद्रायणी उगम पावते. भुशीच्या पायऱ्यांवरून शनिवार-रविवारी जे पाणी लोकांच्या अंगावर उडतं ते तिचंच. तिथून ती कार्ल्याखालून, मळवली, कामशेत, इंदुरी करत देहूला जाते, मग आळंदी, आणि तुळापूरला भीमेला मिळते. तिच्या काठावर देहूत एक वाण्याचं घर होतं. महाजनकी होती, सावकारी होती. त्या घरातल्या मधल्या मुलावर, म्हणजे तुकोबांवर, जे कोसळलं ते आपण कीर्तनात ऐकून ऐकून सरावलो आहोत. आईवडील गेले. थोरली भावजय गेली आणि त्या दुःखात थोरला भाऊ घर सोडून निघून गेला. मग तोच दुष्काळ, ज्यानं मावळ उजाड केलं. व्यापार बसला. पहिली बायको उपासमारीत गेली, मुलगा गेला.

यानंतर तुकोबांनी घरातली कर्जखतं काढली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. हे करू का, असं त्यांनी देवाला विचारल्याचं कुठं ऐकिवात नाही. दुष्काळानं मोडलेल्या कुळांची खतं बुडवायला कौल कशाला हवा? माणसाला जे स्वच्छ दिसतं तिथं तो खूण मागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे डोंगर आले. स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कविता करायला सांगून गेले, हे तुकोबा स्वतः अभंगातून सांगतात. गुरू बाबाजींनी स्वप्नात मंत्र दिला, ती माघ शुद्ध दशमी होती, वार गुरुवार होता, हेही सांगतात. म्हणजे पाहा, या माणसाच्या सगळ्या कवितेला आधार आहे तो एका खुणेचा. न मागता मिळालेल्या खुणेचा. आणि ती मिळाली स्वप्नात. स्वप्नाला साक्षीदार कोण? कशावरून?

वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी हेच विचारलं, फक्त अधिकाराच्या भाषेत. शूद्रानं वेदांचा अर्थ मराठीत बोलू नये, लिहिलं असेल ते नदीत बुडवावं. तुकोबांनी वह्या बुडवल्या. परंपरा सांगते की स्वतःच्या हातांनी बुडवल्या.

वही. हा शब्द जरा तोंडात घोळवा. वाण्याच्या घरातली वही म्हणजे कुणाकडे किती येणं आहे ते लिहिलेलं बाड. तुकोबांनी अभंग लिहिले तेही वहीतच. एकाच नदीत एकाच माणसाचे दोनदा कागद गेले. पहिल्यांदा गेले ते इतरांना मोकळं करण्यासाठी. दुसऱ्यांदा गेले ते त्यांचं स्वतःचं सर्वस्व होतं. आणि गावात बोलणारे बोललेच, की यानं आधी प्रपंच बुडवला, आता परमार्थही बुडवला.

एका विद्वानाचा हुकूम तुकोबांना इतका का लागावा? टीकेची त्यांना सवय होती. घरातली बोलणी होती, गावातली होती. माझा समज असा आहे की रामेश्वरभट्टांनी बाहेरून जे विचारलं ते तुकोबा आतून आधीच विचारत असणार. ती आज्ञा खरोखर पांडुरंगाची होती का? की माझ्याच मनानं त्याचं रूप घेतलं? मी इतकी वर्षं त्याच्या नावावर माझंच बोलत आलो का? श्रद्धावंताला नास्तिकाचा प्रश्न जखम करत नाही. जो प्रश्न तो स्वतः रात्री उठून स्वतःला विचारतो, तोच दुसऱ्याच्या तोंडून दिवसाउजेडी आला की माणूस मोडतो.

तुकोबा नदीकाठी जाऊन बसले. अन्न नाही, पाणी नाही.

या बसण्याला एक नाव होतं आणि एक रीत होती. धरणं. पैसे बुडवणाऱ्याच्या दारात धनको जाऊन बसायचा. खायचा नाही, हलायचा नाही. तो उपाशी राहिला तर दोष दार बंद ठेवणाऱ्याच्या माथी. सावकाराच्या घरात वाढलेल्या माणसाला ही रीत कुणी शिकवायला नको होती. तुकोबांच्या अभंगांत देव पुष्कळदा ऋणको होऊन येतो आणि भक्त आपली ठेव मागायला त्याच्या दाराशी उभा राहतो. ज्यानं गावाची येणी नदीत सोडली, त्यानं एकच येणं सोडलं नाही. देवाकडचं.

आता इथं एक अडचण आहे आणि वाचताना मी या ठिकाणी बरीच वर्षं अडत आले. हाच माणूस आहे ज्यानं शकुन सांगणाऱ्यांचा, भूत-भविष्य जाणतो म्हणणाऱ्यांचा आपल्याला कंटाळा आहे, ते डोळ्यांसमोरही नकोत, असं उघड म्हटलं. नवस करून मुलं होत असती तर नवऱ्याची गरज काय, असं विचारलं. पुढचं कळावं ही ओढच करंट्याची, असंही म्हटलं. मग हा माणूस खुणेसाठी नदीकाठी उपाशी कसा बसतो? लोकांना एक सांगायचं आणि आपण दुसरं करायचं, असा हा माणूस आहे का?

नाही. आणि म्हणूनच मी सुरुवातीला तुम्हाला तो कौल नावाचा शब्द दिला. तुकोबा शकुन मागत नव्हते. माझं पुढं काय होईल, रामेश्वरभट्ट हरतील का, गाव मला मानेल का, यांपैकी कशासाठी ते तिथं बसलेले मला दिसत नाहीत. तू मला बोलायला सांगितलं होतंस ना? तो शब्द तुझाच होता ना? एवढ्यासाठी ते बसले. कुणब्यानं सरकारी कागद पुढं करून म्हणावं, हा शिक्का तुमचाच ना, तसं.

तेरा दिवस. ही संख्या तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितली आहे, आणि संत बहिणाबाई, ज्या पुढं देहूत येऊन राहिल्या, त्यांनीही तेराच सांगितली. आपल्याकडे तेरा दिवस कशाचे असतात? घरातलं माणूस गेलं की तेराव्या दिवशी गोडाचं जेवण करून आपण पुन्हा माणसांत येतो. तुकोबांनी हा हिशेब मनात धरला असेल असं मी म्हणत नाही. पण पोटच्या पोराइतक्या जवळच्या वह्या पाण्यात सोडून काठावर तेरा दिवस बसलेल्या माणसाकडे पाहताना मला ते सुतकच दिसतं.

आपण ही गोष्ट नेहमी शेवटाकडून सांगतो. तेरा म्हणताना आपल्याला चौदावा दिवस ठाऊक असतो. तुकोबांना नव्हता. पाचवा दिवस कसा गेला असेल? पहिल्या दिवशी राग असतो, रागाला बळ असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भूक असते, भुकेशी झगडण्यात वेळ जातो. पण सहाव्या दिवशी काय? नदी कालच्यासारखीच वाहते आहे. पलीकडे कुणी म्हशी धुतं आहे. पाण्याकडे पाहून पाहून डोळे शिणलेत. नवव्या दिवशी काय? ज्याला हाक मारतो आहे तो गप्प आहे, आणि आपण उठूनही जात नाही. या समोर बसलेल्यांपैकी कितीजणांनी असे दिवस काढले असतील! दवाखान्याच्या बाकावर, पोलिसांच्या फोनची वाट पाहत, घर सोडून गेलेल्या मुलाच्या पलंगाकडे बघत. माझ्या मते श्रद्धेची खरी जागा तिथं आहे, त्या मधल्या दिवसांत. चौदाव्या दिवशी वह्या वर आल्यावर विश्वास ठेवायला काठावरचा कुणीही तयार होता.

वह्या वर आल्या. कोरड्या. महाराष्ट्र ही गोष्ट दोन परींनी सांगतो. वारकरी म्हणतो, पांडुरंगानं पाण्यात कागद राखले. दुसरा म्हणतो, कागद गेले, पण अभंग लोकांच्या कंठात होते आणि गावोगावच्या माणसांनी ते परत आणून दिले. इथल्याच मावळातल्या सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे यांची समाधी आहे. तेल गाळणारा हा माणूस तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारा म्हणून आपण ओळखतो. दुसऱ्या परीची गोष्ट सांगणारे त्यांच्याकडे बोट दाखवतात. या दोन परींवरून भांडणारे मी पाहिले आहेत. मला भांडावंसं वाटत नाही. देवानं पाण्याला सांगितलं की तेल्याला, हा प्रश्न त्या तेरा दिवसांपुढे मला लहान वाटतो.

पण पुढचा भाग लहान नाही, आणि तो कीर्तनातही घाईनं उरकला जातो, म्हणून आज मी तिथं थांबणार आहे. वह्या मिळाल्यावर तुकोबांनी काय केलं? आपण असतो तर काय केलं असतं? वाजतगाजत मिरवणूक काढली असती. रामेश्वरभट्टांच्या दारावरून नेली असती. तुकोबांनी देवाची क्षमा मागितली. खूण मिळाल्यानंतरचे त्यांचे अभंग हे विजयाचे नाहीतच, ते ओशाळलेल्या माणसाचे आहेत. माझ्या हातून फार मोठा अन्याय झाला, मी तुझा अंत पाहिला. लोक काय बोलतील त्यासाठी मी तुझं चित्त दुखावलं. डोळे मिटून तेरा दिवस पडून राहिलो आणि माझ्या तहानभुकेचं संकट तुझ्या गळ्यात घातलं. असा त्यांचा आशय. आईला मुलानं हट्टानं रात्रभर जागवावं आणि सकाळी तिचे लाल डोळे पाहून त्याला रडू फुटावं, तसं.

मागितलेलं मिळालं आणि तरी लाज वाटली. का? कशाची? मी याचं उत्तर पुष्कळ शोधलं. मला असं वाटतं की वह्या पाण्यावर दिसल्या त्या क्षणी तुकोबांना कळलं, की ज्याच्या दाराशी आपण धनको म्हणून बसलो, तो तेराही दिवस दाराआड नव्हताच, तो शेजारी बसून उपाशी होता. अशा कुणाकडे पुरावा मागितला की मागणाऱ्याला तो मिळतोही, पण मिळाल्यावर हात कापतात.

ही गोष्ट एकट्या देहूची नाही. बायबलमध्ये शास्त्यांच्या पुस्तकात गिदोन नावाचा माणूस आहे. शेतकऱ्याचा मुलगा. देव त्याला लढायला जा म्हणतो, त्याला खात्री वाटत नाही. तो खळ्यावर लोकर पसरतो आणि म्हणतो, सकाळी लोकर दहिवरानं भिजलेली आणि भोवतालची जमीन कोरडी असू दे. तसंच होतं, लोकर पिळून वाडगाभर पाणी निघतं. तरी त्याचं समाधान होत नाही. आता उलट कर, म्हणतो. लोकर कोरडी आणि जमीन ओली. पण हे दुसरं मागताना तो आधी विनवतो, माझ्यावर रागावू नकोस, एवढी एकच वेळ. बघा, मागता मागताच त्याची जीभ चाचरते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचं बोट त्यांनी जन्मभर सोडलं नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ते मला अधिक समजतं.

आणि ज्यांनी वह्या बुडवायला सांगितलं त्या रामेश्वरभट्टांचं काय झालं? महिपतींनी भक्तलीलामृतात त्यांची कथा दिली आहे. एका फकिराच्या शापानं त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला, काही केल्या शमेना, म्हणून ते आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीपाशी जाऊन बसले. म्हणजे एक जण देहूच्या काठावर बसला आणि त्याला बसायला लावणारा आळंदीच्या काठावर. नदी एकच. त्यांनाही स्वप्नात दृष्टान्त झाला, तुकोबांना शरण जा. आणि ते गेले. तुकोबांची आरती आज आपण जी म्हणतो ती रामेश्वरभट्टांच्या नावावर आहे. ज्या पंडितानं दुसऱ्याच्या स्वप्नावर विश्वास ठेवला नाही, त्यानं आपल्या स्वप्नावर ठेवला, आणि त्यासाठी आपला सगळा मान खाली उतरवला. हे मला फार मोठं वाटतं. खूण खरी की खोटी हे ओळखण्याची एक कसोटी इथं हाती लागते. जी खूण आपल्याला हवं तेच करायला सांगते तिच्याकडे दोनदा पाहावं. जी आपल्याला वाकायला लावते, झालेली चूक कबूल करायला लावते, ती निदान आपल्या अहंकारातून तरी आलेली नसते.

पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ८ मे १९३३ रोजी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं तेव्हा त्यांनी आतला आवाज ऐकल्याचं सांगितलं. लोकांनी विचारलं, तो भ्रम नव्हता कशावरून? पुरावा माझ्यापाशी नाही, असंच त्यांचं सांगणं राहिलं. आणि ते उपोषण त्यांनी कुणावर उगारलं नव्हतं, आत्मशुद्धीसाठी म्हटलं होतं. आवाज ऐकल्यावर किंमत त्यांनी स्वतःच्या देहानं मोजली, दुसऱ्याच्या नाही.

इथं मला थोडं कठोर बोलायचं आहे. सगळेच आपली किंमत आपण मोजत नाहीत. भाताच्या लावणीत पायाला साप चावतो आणि घरचे माणसाला दवाखान्याऐवजी मंत्र घालणाऱ्याकडे नेतात, तेव्हा कौल मागणारा घरचा वडील असतो आणि जीव जातो तो लावणीला गेलेल्या बाईचा. असा चावा झाल्यावर उपचार घेऊ न देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी अठरा वर्षं घालवली, आणि त्यांच्या खुनानंतर तो झाला. मी श्रद्धेच्या बाजूची बाई आहे आणि त्या कायद्याच्याही बाजूची आहे. देवाकडे शब्द मागा. डॉक्टरांचं काम देवावर ढकलू नका. ज्यानं आपल्याला बुद्धी दिली त्याचा तो अपमान आहे.

आता माझी आई.

मी नऊ वर्षांची होते. वडील रेल्वेत होते. पोटाचं दुखणं वाढलं आणि पुण्याच्या एका इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, धोका आहे, न करण्यातही धोका आहे, तुम्ही ठरवा. घरात वडीलधारं कुणी नव्हतं. आई चौथी शिकलेली. तिनं रात्री देव्हाऱ्यापुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या, माझे पाय धुतले, मला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "उचल, बाळा."

मला ती वेळ आजही दिसते. समईचा उजेड, चारदोन तांदूळ, दोन घड्या. मला कळत होतं त्यात काय लिहिलं आहे. माझा हात पुढं जाईना. वाटत होतं, मी चुकीची उचलली तर आप्पा जातील, आणि ते माझ्यामुळं जातील. आई म्हणत होती, "तू नाही उचलत, देव उचलतो तुझ्या हातानं." पण हात माझाच होता. मी उचलली. "करावं" निघालं. ऑपरेशन झालं, आप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले.

म्हणजे खूण खरी ठरली, असं तुम्ही म्हणाल. त्यानंतर आमच्या घरात अडचणी थोड्या आल्या नाहीत. भावाची नोकरी गेली, माझं लग्न दोनदा मोडता मोडता राहिलं, आप्पांचं शेवटचं दुखणं आलं. आईनं पुन्हा कधी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, "तुझं उत्तर तर बरोबर आलं होतं, मग परत का नाही विचारलंस?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एकदा त्रास दिला तेवढा पुरे. त्यालाही, आणि तुलाही." तिला गाथेतला तो क्षमेचा अभंग ठाऊक होता की नाही, सांगता येत नाही. मी तो वाचला तेव्हा मला तिचं ते बोलणं आठवलं. अभंगातून आईकडे जायला हवं होतं, मी आईकडून अभंगाकडे गेले.

"आणि तुलाही" या शब्दांनी मला आणखी एका घरात नेलं.

आपण तेरा दिवस नदीकाठी थांबतो. तुकोबांच्या घरात त्या तेरा दिवसांत काय चाललं होतं? त्यांची दुसरी बायको जिजाई कुठं होती? जिला आपण कजाग म्हणून रंगवलं, जी पांडुरंगाला काळ्या म्हणून बोल लावायची, जी भर उन्हात भंडारा चढून नवऱ्याला भाकरी द्यायला जायची. घरात लेकरं होती. एक दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेली बाई ती. सवत त्यात गेलेली. आता नवरा आपण होऊन उपाशी बसला आहे, आणि देवानं उत्तर दिलं नाही तर उठणार नाही म्हणतो. उत्तर आलं नसतं तर कपाळ कुणाचं पांढरं होणार होतं? त्या धरण्याला ती बसली नव्हती, तरी तिचंच सगळं पणाला लागलं होतं. तिनं कुठला कौल मागितला असेल?

तुकोबा ज्या शिळेवर ते तेरा दिवस बसले असं सांगतात, ती देहूच्या देवळात आहे. १४ जून २०२२ रोजी तिथं नवं शिळा मंदिर झालं, आता रांगही मोठी असते. मी जाते, माथा टेकते, मग बाहेर येऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसते. तिथून मी नदीकडे कमी पाहते, गावातून खाली येणाऱ्या वाटेकडे जास्त पाहते. माझ्या डोळ्यांपुढं येतं, की तेरा संध्याकाळी त्या वाटेनं एक बाई थोडी खाली येते, कडेवर मूल आहे, लांबूनच, तो अजून बसलेला आहे ना एवढं पाहते, आणि दिवेलागण झाली म्हणून घराकडे वळते.